लेखकाची टिपणवही

लेखकाची टिपणवही म्हणजे लेखन करणाऱ्या किंवा लेखन शिकणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या उपयोगासाठी ठेवलेली, प्रसिद्धीचा हेतू नसलेली नोंदींची वही. ऐकलेले शब्द, पाहिलेले प्रसंग, सुचलेल्या कल्पना, वाचनातील उतारे, व्यक्तींच्या लकबी, अर्धवट राहिलेली वाक्ये आणि नंतर शोधावयाच्या गोष्टी अशा सामग्रीने ती भरते. रोजनिशीशी तिचे नाते जवळचे असले तरी दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. रोजनिशी दिवसाला बांधलेली असते आणि तिचा नायक लिहिणारा स्वतः असतो. टिपणवहीचे लक्ष बाहेरच्या जगाकडे असते, आणि सांगण्याजोगे काही नसेल त्या दिवशी ती कोरी राहू शकते.

अशा वहीचे दोन उपयोग मानले जातात. एक, पुढील लेखनासाठी कच्चा माल साठवणे. दुसरा, पाहण्याची आणि लिहिण्याची सवय लागणे. तिसरा उपयोग सहसा लक्षात घेतला जात नाही: ज्या ठिकाणचे जीवन वेगाने बदलते, तेथील साधी टिपणवही काही वर्षांनी दस्तऐवज ठरते. रायगड किनाऱ्यावरील न्हावा शेवा परिसर हे त्याचे ठळक उदाहरण असून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

संज्ञा

‘टिपणे’ या क्रियापदाला मराठीत अनेक छटा आहेत. पक्षी दाणे टिपतो, टीपकागद शाई टिपतो आणि कारकून मजकूर टिपून घेतो. तिन्हींमध्ये थोडे थोडे, नेमके उचलण्याचा भाव आहे. ‘टिपण’ हा शब्द दफ्तरी भाषेतही रूढ आहे. ‘टाचण’ हा शब्द मुख्यतः आठवणीसाठी केलेल्या मुद्द्यांना लावतात. शिक्षकांचे पाठटाचण आणि वक्त्यांची टाचणे या अर्थानेच ओळखली जातात. ‘बाड’ हा शब्द याहून जुना असून त्याचा अर्थ केवळ वहीपुरता मर्यादित नाही.

मराठीतील पूर्वपरंपरा

बाड म्हणजे लांबट कागद अरुंद बाजूला शिवून केलेली, उभी उघडणारी हस्तलिखित वही. कीर्तनकार, मठांतील शिष्य, शाहीर आणि घरगुती संग्राहक अशी बाडे बाळगत. एकाच बाडात अभंग, पदे, आरत्या, औषधांचे पाठ, एखादे कोष्टक आणि उसनवारीची नोंद एकत्र सापडते. संग्रह करणाऱ्याला विषयांची सरमिसळ दोषास्पद वाटत नव्हती, कारण वही त्याच्या स्वतःच्या वापरासाठी होती. समर्थ संप्रदायाच्या अभ्यासासाठी शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून जमवलेल्या हस्तलिखितांत अशी बाडे मोठ्या संख्येने आहेत. ती धुळे येथे जतन करण्यात आली. अनेक संतकवींच्या रचना आज उपलब्ध आहेत त्या अशाच कोणा अनाम माणसाने स्वतःसाठी उतरवून घेतल्यामुळे.

तुकाराम महाराजांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तिच्यातील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. मराठी समाजाच्या स्मृतीत कवी आणि त्याची वही यांचे नाते इतके घट्ट आहे की वही नष्ट करणे ही कवीला दिलेली सर्वांत कठोर शिक्षा मानली गेली.

आधुनिक काळात या परंपरेचे सर्वांत प्रखर रूप इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या कार्यात दिसते. राजवाडे यांचा जन्म रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. जुनी कागदपत्रे मिळवण्यासाठी त्यांनी गावोगाव भ्रमंती केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. कागदांबरोबरच ते शब्द, धातू, ग्रामनामे आणि आडनावे यांचाही संग्रह करीत. त्यांनी जमवलेल्या शब्दसामग्रीचा मोठा भाग त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. ‘धातुकोश’ आणि ‘नामादि शब्दव्युत्पत्तिकोश’ हे ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. राजवाडे यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांनी नाकारल्या. संग्रहाचे मोल मात्र त्यामुळे कमी झाले नाही. टिपणात नोंदलेली वस्तू आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीपेक्षा पुष्कळदा अधिक टिकते.

वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे उदाहरण निसर्गलेखनातील आहे. जंगलातील निरीक्षणांबरोबर त्यांनी आदिवासी, पारधी आणि मासेमारी करणाऱ्या लोकांकडून पशुपक्ष्यांची व झाडांची स्थानिक नावे जमवली. ‘पक्षीकोश’ आणि ‘चकवाचांदण’ यांसारख्या ग्रंथांमागे हा संचय आहे. बगळ्यांच्या सामूहिक वसाहतीसाठी ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ हे शब्द त्यांनी मराठीत रुळवले. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) बारा महिन्यांचा निसर्ग महिन्यामहिन्याने मांडते. त्या प्रकारचे लेखन वर्षभर डोळे उघडे ठेवल्याशिवाय होत नाही.

वही नेहमी निर्मात्याचीच असते असे नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि घरकाम करताना त्या ओव्या रचत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक नातेवाईक त्या कागदावर उतरवून घेत. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ही वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. न उतरवलेल्या ओव्या अर्थातच त्यांच्याबरोबर गेल्या. जात्यावरील ओव्यांच्या बाबतीत हेच काम पुढे मोठ्या प्रमाणावर झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवण्यात आल्या.

खर्डा, कीर्द आणि खतावणी

टिपणवही कशी वापरावी हे समजण्यासाठी जुन्या हिशेबपद्धतीची तुलना उपयोगी पडते. व्यवहार होताच तो आधी कच्च्या खर्ड्यात उतरवला जाई. तेथून तो तारीखवार रोजकीर्दीत येई आणि रोजकीर्दीवरून खतावणीत, म्हणजे ज्या त्या खात्यावर, मांडला जाई. खर्ड्यात घाई चालते, खाडाखोड चालते. खतावणीत चालत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ आणि विनोदी लेखक गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग (१७४२–१७९९) याने आपल्या टिपणवह्यांना नेमक्या याच अर्थाचे नाव दिले होते. इंग्रज व्यापारी सगळे व्यवहार आधी एका गबाळ वहीत लिहितात, मग नीटनेटक्या वहीत उतरवतात, ही पद्धत विद्वानांनीही स्वीकारावी असे त्याचे मत होते. १७६५ च्या सुमारास सुरू केलेल्या या वह्या त्याने मृत्यूपर्यंत चालवल्या. आज त्याची साहित्यिक कीर्ती मुख्यतः त्यांच्यावरच उभी आहे.

बहुतेक टिपणवह्या खर्ड्याच्या पायरीवर थांबतात. वही भरते, कपाटात जाते आणि पुन्हा उघडली जात नाही. उपयोग होतो तो दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ठरावीक काळाने वही परत वाचून त्यातील जिवंत नोंदी विषयवार वेगळ्या काढताना. एकमेकींपासून सहा महिने दूर असलेल्या दोन नोंदी शेजारी आल्या की तिसरीच कल्पना सुचते. कथेचे किंवा लेखाचे बीज पुष्कळदा अशा जोडणीत असते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८६ मध्ये उताऱ्यांच्या वहीसाठी सूची करण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली होती. शब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून पान शोधण्याची ती सोय होती. आजच्या वहीला एवढे शास्त्र लागत नाही. पानांना क्रमांक घालून शेवटची चार पाने सूचीसाठी कोरी ठेवली तरी पुरते.

साहित्यिकांच्या प्रकाशित टिपणवह्यांत रशियन कथाकार अंतोन चेखव आणि इंग्रज कादंबरीकार सॉमरसेट मॉम यांच्या वह्या विशेष वाचल्या जातात. मॉमने आपली वही १९४९ मध्ये स्वतःच संपादित करून छापली. चेखवच्या वहीत एकेका ओळीची पात्रे आणि प्रसंग आहेत. त्यांतील कित्येकांचा त्याने कधी उपयोग केला नाही. अमेरिकन लेखिका जोन डिडियन हिने १९६६ मधील एका निबंधात टिपणवहीचा हेतू वस्तुस्थितीची अचूक नोंद हा नसून आपण पूर्वी कोण होतो याची ओळख टिकवणे हा आहे, अशी भूमिका मांडली. ही भूमिका प्रभावी असली तरी ती प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. जेथे गावच जागेवरून उठते, तेथे वस्तुस्थितीची नोंद ही लिहिणाऱ्याची खासगी बाब राहत नाही.

न्हावा शेवा परिसर

न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातील दोन गावे. मुंबई बंदराच्या पूर्व काठावर, घारापुरी बेटाच्या जवळ त्यांचे स्थान आहे. आगरी आणि कोळी समाजाच्या या पट्ट्यात खाडीतील मासेमारी, मिठागरे आणि खारेपाटातील भातशेती हे उपजीविकेचे मुख्य आधार होते. ‘आगरी’ हे नावच मिठाच्या किंवा भाताच्या ‘आगरा’शी जोडले जाते. नवी मुंबई प्रकल्पासाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मधील गोळीबारात पाच आंदोलक मरण पावले आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे धोरण पुढे आले. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. ते देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावा शेवा यांना जोडणाऱ्या सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले.

एका आयुष्याच्या अवधीत एवढे घडलेल्या जागी भाषाही दोन थरांची झाली आहे. खालच्या थरात नाखवा, तांडेल, डोल, पाग, खाजण, उधाण, भांग, निवटी, जिताडा हे शब्द आहेत. वरच्या थरात कंटेनर, ट्रेलर, यार्ड, क्रेन, शिफ्ट, क्लिअरिंग. घरातील आजोबांच्या बोलण्यात पहिला थर असतो आणि नातवाच्या बोलण्यात दुसरा. दोन्ही एकाच ओटीवर ऐकू येतात तो काळ फार मोठा नसतो. वही ठेवणाऱ्याने दोन्ही थर टिपावेत. जुने तेवढे मौल्यवान आणि नवे क्षुल्लक हा ग्रह लेखनाला मारक ठरतो. ट्रेलरचालकांची आजची भाषा चाळीस वर्षांनी तितकीच दुर्मीळ असेल.

या परिसरातील शब्द टिपताना एक अडचण लगेच समोर येते. ‘भांग’ एवढेच लिहिले तर वर्षाने त्याचा अर्थ केसांतला भांग, नशेची भांग की समुद्राचा भांग हे कळणार नाही. किनाऱ्यावर भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला येते ते उधाण. म्हणून शब्दाबरोबर तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, बोलणाऱ्याचे साधारण वय व काम, आणि प्रसंग एवढे तरी लिहावे लागते. उच्चार सुधारून घेण्याचा मोहही टाळावा लागतो. आगरी-कोळी बोलीत ‘होडी’ची ‘होरी’ होते आणि ‘पाणी’चे ‘पानी’. प्रमाण भाषेत बदलून टिपलेला संवाद शुद्ध दिसतो, पण टिपण्याचे कारणच त्यातून निघून जाते.

तारखेचेही असेच आहे. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिचा जोर तिथीवर ठरतो. कोळीवाड्याचा दिवसक्रम घड्याळापेक्षा या चक्राशी अधिक जुळलेला असतो. वहीत तारखेशेजारी तिथी लिहिली की होडी अमुक दिवशी पहाटे का निघाली आणि आठवड्याने दुपारी का, हे पुढे आपोआप उलगडते. बंदरातील कामाच्या पाळ्या मात्र तिथी पाळत नाहीत. एकाच घरात ही दोन कालगणना कशा नांदतात, हा विषय कादंबरीला पुरेल एवढा मोठा आहे.

नोंद आणि मत यांतील फरकही येथे स्पष्ट करता येतो. ‘बंदरामुळे मासळी कमी झाली’ हे मत आहे. ते खरे असले तरी त्यातून लेखन उभे राहत नाही. होडी किती वाजता परतली, टोपलीत काय होते, काय नव्हते, जाळे निवडताना कोण गप्प होते आणि भाव कोणी पाडला, ही नोंद आहे. पहिली ओळ वर्तमानपत्रात रोज सापडते. दुसरी त्या दिवशी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाखेरीज कोणाकडे नसते.

आगरी लग्नांत ‘धवला’ गाणाऱ्या स्त्रियांना ‘धवलारीण’ म्हणतात. हळद, तेलवण, मांडव अशा विधींची गाणी त्या तोंडपाठ परंपरेने जपत आल्या आहेत. ध्वनिवर्धकाच्या जमान्यात ही गाणी मागे पडली आहेत. शालेय विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातील वृद्धेकडून, तिच्या संमतीने, एक धवला उतरवून घेणे हा टिपणवहीचा आरंभ म्हणून अतिशय योग्य पाठ ठरेल. गाण्यातील न कळलेले शब्द रिकामी जागा न सोडता ऐकू आले तसे लिहावेत आणि बाजूला खूण करावी.

बंदरासाठी हटवलेल्या जुन्या शेवा गावातील कुटुंबांचे पुनर्वसन उरणच्या बाजूला झाले. तेथील हनुमान कोळीवाड्यात घरांना लागलेली वाळवी हा अनेक वर्षे सार्वजनिक तक्रारीचा विषय राहिला. वाळवी चौकटी खाते तशी ट्रंकेतील कागदही खाते. मूळ गावातील विहीर कोठे होती, देवळासमोर कोणते झाड होते, होड्या कोणत्या बाजूला ओढून ठेवत, हे सांगू शकणारी माणसे आता वयस्क आहेत. अशा गावाचा नकाशा कोणा एकाच्या वहीत हाताने काढलेला असणे आणि नसणे यांत मोठे अंतर आहे.

साधने

किनाऱ्यावरील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पाण्यात विरघळणारी शाई पसरते. पेन्सिल पसरत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीनेच लिहिले, याचे कारण अर्थात हवामान नव्हते. पण ते हस्तलिखित टिकले. खिशात मावणारी, शिवलेली, पातळ वही सुट्या कागदांपेक्षा बरी. महागड्या वहीचा एक तोटा असतो: तिच्यात वाईट वाक्य लिहायला हात धजत नाही, आणि वाईट वाक्ये लिहिण्याची मुभा हाच टिपणवहीचा प्राण आहे.

मोबाइलवर नोंदी करणे सोपे असते आणि बोलणे ध्वनिमुद्रित करता येते, जे गाण्यांच्या बाबतीत निःसंशय श्रेयस्कर आहे. त्याचा दोष असा की नोंदी संदेश, छायाचित्रे आणि विविध उपयोजनांत विखुरतात व पुन्हा वाचल्या जात नाहीत. अनेक लेखक दिवसभरातील मोबाइल-नोंदी रात्री वहीत उतरवतात. खर्ड्यातून कीर्दीत आणण्याचाच हा नवा प्रकार होय.

सवय

दररोज नेमके किती लिहावे याबद्दल एकमत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागल्याचे आढळले. वैयक्तिक फरक मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा खंड पडत नाही, हेही त्यात दिसले. एकवीस दिवसांत सवय लागते या लोकप्रिय समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही. अभ्यासातील कृती खाणेपिणे व व्यायाम अशा साध्या होत्या, हे लक्षात ठेवणे योग्य.

लेखनापुरते पाहता रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८३ मधील प्रयोग अधिक जवळचा आहे. लेखन अडलेल्या २७ प्राध्यापकांचे त्याने तीन गट केले. एका गटाने तातडीचे नसेल तर लिहायचे नव्हते, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा, तिसऱ्याने ठरल्या वेळी सक्तीने लिहायचे होते. तिसऱ्या गटाने सर्वाधिक पाने लिहिली, यात नवल नाही. नव्या कल्पनाही त्याच गटाला सर्वाधिक सुचल्या. गट लहान असल्याने यावरून नियम बांधता येत नाही, तरी स्फूर्ती आल्यावर वही उघडावी या समजाच्या विरुद्ध दिशेचा हा पुरावा आहे.

व्यवहारात वही आधीपासून चालू असलेल्या एखाद्या कामाला जोडली तर टिकते. न्हावा शेव्याहून पनवेल किंवा मुंबईकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला बसमधील दहा मिनिटे पुरेशी असतात. दिवसाला एक नोंद, तीन ओळींची, ही मर्यादा कमी वाटते. पण वर्षाअखेरीस त्यातून तीनशेच्या वर नोंदी जमतात आणि त्यांतील दहा-वीस जरी उपयोगी निघाल्या तरी वहीने आपले काम केलेले असते.

धोके

टिपणवहीतील सर्वांत सामान्य दोष म्हणजे स्रोत न लिहिणे. दुसऱ्याच्या पुस्तकातील आवडलेले वाक्य नावाशिवाय उतरवले की काही वर्षांनी ते आपलेच वाटू लागते आणि नकळत छापले जाते. उताऱ्याला अवतरणचिन्हे आणि लेखकाचे नाव लागलीच द्यावे.

दुसरा धोका माणसांविषयीचा आहे. लहान गावात नाव बदलले तरी व्यक्ती ओळखू येते. भूसंपादनाचा मोबदला, भाऊबंदकी, नोकरी मिळणे-न मिळणे हे विषय अजून ओले आहेत. सांगणाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वहीत येऊ शकते, पण वहीतून बाहेर काढण्यापूर्वी त्याला विचारणे आवश्यक असते. काही संग्राहक अशा नोंदींची वेगळी वही ठेवतात आणि तिच्यावर तसे स्पष्ट लिहितात.

तिसरा धोका उलट्या दिशेचा आहे. टिपण्याच्या नादात माणूस प्रसंगाबाहेर उभा राहतो. मयताच्या घरी किंवा भांडणाच्या वेळी वही काढणे असभ्यपणाचे असते. अशा वेळी आधी हाताला काम द्यावे आणि घरी परतल्यावर, झोपण्यापूर्वी, आठवेल तेवढे लिहावे. आठवणीतून लिहिलेल्या नोंदीवर तशी खूण करण्याची पद्धत उपयुक्त असते, कारण तेथे ऐकलेले शब्द आणि नंतर सुचलेले शब्द एकमेकांत मिसळलेले असण्याची शक्यता असते.